उसाचा दर आणि जिनिव्हातली खुर्ची

प्रश्न शिरोळ तालुक्यातून आला आहे. विचारणारा कृषी पदवीधर आहे आणि घरी ऊस आहे. थोडक्यात त्याचं म्हणणं असं: "ब्राझील आणि ऑस्ट्रेलियानं आपल्या एफआरपीविरुद्ध (म्हणजे उसाच्या सरकारी किमान दराविरुद्ध) जागतिक व्यापार संघटनेत (डब्ल्यूटीओत) केस जिंकली, असं वाचलं. २०२४ च्या फेब्रुवारीत शेतकरी संघटनांनी ‘डब्ल्यूटीओ सोडा’ अशी मागणी केली. आमच्या उसाचा दर ठरवायचा अधिकार परदेशी लोकांना कुणी दिला? आणि या संघटनेत राहून भारताला मिळतं तरी काय?"

मी बावीस वर्षं शेतमालाच्या व्यापार वाटाघाटींच्या कामात होतो. आधी दिल्लीत टिपणं तयार करायचो, पुढे शिष्टमंडळासोबत संघटनेच्या मुख्यालयी, जिनिव्हाच्या बैठकांना जात राहिलो. या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असं एका ओळीचं उत्तर देता येणार नाही. पण शेतकऱ्याच्या घरातून हा प्रश्न आला याचा मला मनापासून आनंद आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी तुमच्या काळजीचं उत्तर. तुमचा दर परदेशी लोक ठरवत नाहीत. कृषिमूल्य आयोगाच्या शिफारशीवरून केंद्र सरकार ऊस नियंत्रण आदेश, १९६६ खाली एफआरपी ठरवतं. २०२५-२६ च्या हंगामाला ती १०.२५ टक्के उताऱ्यासाठी (म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणासाठी) क्विंटलला ३५५ रुपये आहे. ज्या वर्षांवरून खटला झाला त्यातल्या शेवटच्या वर्षी, म्हणजे २०१८-१९ ला, ती १० टक्के उताऱ्याला २७५ रुपये होती. मधल्या काळात उताऱ्याचा पाया वर सरकला याची तक्रार तुम्ही कराल आणि ती रास्त आहे, पण तो निर्णय दिल्लीचा आहे. जिनिव्हाच्या निकालानं तुमच्या बिलातून आजवर एक रुपयाही कापला गेलेला नाही.

तरी खटला खरा आहे आणि पहिल्या फेरीत आपण हरलो, हेही खरं. का हरलो हे समजलं की ‘राहून काय मिळतं’ याचं उत्तर बरंचसं त्यातच सापडेल.

२०१९ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या तिघांनी भारताविरुद्ध तक्रार दाखल केली. दोन मुद्दे होते. पहिला, उसाला दिलेला देशांतर्गत आधार मर्यादेबाहेर आहे. दुसरा, साखर निर्यातीला दिलेलं अनुदान बेकायदा आहे. १४ डिसेंबर २०२१ रोजी निवाडा मंडळाचा अहवाल आला. २०१४-१५ ते २०१८-१९ हे पाचही हंगाम भारतानं उसाच्या एकूण उत्पादन मूल्याच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त आधार दिला, असं मंडळानं म्हटलं. निर्यातीच्या योजनाही नियमात बसत नाहीत, असं ठरवलं.

तुम्ही म्हणाल, सरकारनं आमच्याकडून ऊस कधी विकत घेतला? पैसे कारखाना देतो, तेही कितीदा थकवून. मग हा ‘सरकारी आधार’ कसा? आपल्या बाजूनं हाच युक्तिवाद केला गेला होता. मंडळानं तो मानला नाही. सरकारनं कायद्यानं किमान दर ठरवला आणि खरेदीदाराला तो बंधनकारक केला, तर सरकारनं स्वतः खरेदी केली नसली तरी तो ‘बाजारभाव आधार’ धरायचा, असं त्यांनी म्हटलं.

आता हा आधार मोजतात कसा ते बघा, कारण सगळी मेख इथे आहे. संघटनेच्या शेती करारात एक ठरावीक ‘संदर्भ किंमत’ आहे. ती १९८६ ते १९८८ या तीन वर्षांच्या आंतरराष्ट्रीय भावांवरून काढलेली आहे आणि तिथेच गोठलेली आहे. समजा एखाद्या पिकाची ती संदर्भ किंमत १०० रुपये आहे आणि आज सरकारनं १,००० रुपये दर जाहीर केला. मधले ९०० रुपये गुणिले त्या दराला पात्र असलेलं सगळं उत्पादन, हा झाला तुमचा ‘आधार’. आज जागतिक बाजारात तेच पीक १,१०० रुपयांना विकलं जात असलं, म्हणजे शेतकऱ्याला खरं तर जगापेक्षा कमी मिळत असलं, तरी कागदावर तो ९०० रुपयांची सबसिडी खातो आहे. तिजोरीतून दमडी गेली नसली तरी. हा आकडा पीकमूल्याच्या १० टक्क्यांवर गेला की नियमभंग. उसाच्या बाबतीत ही मर्यादा थोड्याथोडक्यानं नव्हे, कितीतरी पटींनी ओलांडली गेल्याचं मंडळानं दाखवलं, आणि एवढ्या जुन्या संदर्भ किमतीशी तुलना केल्यावर दुसरं काही निघणं शक्यच नव्हतं.

हा नियम अन्यायाचा आहे. मी हे आंदोलनाच्या भाषेत म्हणत नाही, हिशेबाच्या भाषेत म्हणतो. करारात महागाईचा विचार करण्याबद्दल एक कलमही आहे, १८.४. आपण ते वर्षानुवर्षं पुढे करतो आणि समोरचे ते वाचल्यासारखं करून पान उलटतात.

मग अशा करारावर आपण सही केलीच कशी? महाराष्ट्रातल्या जुन्या मंडळींना १९९१ च्या डिसेंबरात आलेला डंकेल प्रस्ताव, म्हणजे याच कराराचा मसुदा, आठवत असेल. गावोगाव सभा होत होत्या. बहुतेक पक्ष आणि संघटना विरोधात होत्या. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी मात्र प्रस्तावाची बाजू घेतली, आणि त्यांचा मुख्य मुद्दा होता ‘उणे सबसिडी’. भारतीय शेतकऱ्याला सरकार काही देत नाही, उलट निर्यातबंदी आणि लेव्हीनं (स्वस्तातल्या सक्तीच्या सरकारी खरेदीनं) त्याच्याकडून काढून घेतं, हे त्याच हिशेबानं सिद्ध होत होतं. तो आकडा बरोबर होता. ८६-८८ च्या हिशेबात भारताचा आधार खरोखर उणे निघाला होता.

पण त्याच उणे आकड्यानं आपल्याला अडकवलं. ज्या देशांनी तेव्हा भरमसाट सबसिडी दिली होती, त्यांना ती थोडी कमी करून पुढे चालू ठेवायची मुभा मिळाली. अमेरिकेला वर्षाला १९.१ अब्ज डॉलर, युरोपीय संघाला सुमारे ७२ अब्ज युरो. ज्यांनी दिलीच नव्हती, त्यांच्या वाट्याला फक्त तो दहा टक्क्यांचा कोपरा आला. तोही पीकवार मोजायचा, तर अमेरिका आपले अब्जावधी डॉलर हव्या त्या एकदोन पिकांवर ओतू शकते. २०१७ च्या जुलैत भारत आणि चीननं मिळून या खास मुभा आधी रद्द करा असा प्रस्ताव मांडला. माझ्या मते आपण शेतीच्या विषयात मांडलेल्या सगळ्यात मजबूत कागदांपैकी तो एक आहे. अजून त्याचं फळ मिळालेलं नाही.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, मग सोडाच की! थांबा.

दुधाच्या भुकटीची गोष्ट सांगतो, कारण ती फारशी कुणी सांगत नाही. गॅटच्या, म्हणजे या संघटनेच्या आधीच्या व्यापार कराराच्या, जुन्या काळात आपण काही मालावर शून्य टक्के आयात शुल्काची बांधिलकी देऊन बसलो होतो. त्यात दूध भुकटी होती, तांदूळ होता, मका होता, ज्वारीसुद्धा होती. त्या वेळी काळजी नव्हती, कारण आयातीवर सरकारचे परवाने आणि संख्येचे निर्बंध होते. शुल्क शून्य असलं तरी माल आत येत नव्हता. पुढे अमेरिकेनं त्या निर्बंधांविरुद्ध खटला भरला. १९९९ मध्ये आपण अपिलातही हरलो आणि १ एप्रिल २००१ पर्यंत उरलेले सगळे निर्बंध उठवावे लागले. म्हणजे संरक्षणाची एक भिंत पडणार होती आणि तिच्यामागे शून्य शुल्क. युरोपातली अनुदानित भुकटी आली असती तर कोल्हापूर-सांगलीच्या दूध संघांचं काय झालं असतं, याची कल्पना तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त येईल.

तेव्हा गॅटच्या अठ्ठाविसाव्या कलमाचा आधार घेऊन पुन्हा वाटाघाटी झाल्या. हे कलम सांगतं की दिलेली बांधिलकी बदलता येते, मात्र ज्या देशाचं नुकसान होईल त्याला दुसऱ्या मालावर सवलत देऊन भरपाई करायची. १९९९ अखेरीस ते काम पुरं झालं. भुकटीवर दहा हजार टनांपर्यंत १५ टक्के आणि त्यापुढे ६० टक्के शुल्क लावायचा अधिकार मिळाला. तांदूळ, मका, ज्वारीवरचं शून्यही गेलं. सगळे निर्बंध उठायच्या आधीच. तुमच्या गावात संकलन केंद्रावर रोज सकाळ-संध्याकाळ दूध घालणाऱ्यांपैकी कुणालाही याची बातमी नव्हती. हे काम सदस्य म्हणून आत बसलेल्यालाच करता आलं.

आणि याच्या उलट उदाहरण सोयाबीनचं. पामतेलावर आपण बांधलेलं कमाल शुल्क ३०० टक्के आहे, सोयाबीन तेलावर फक्त ४५. मुळात कुणीतरी, कधीतरी, कुठल्यातरी मोबदल्यात तो आकडा लिहून दिला आणि तो तसाच राहिला. लातूर-अकोल्याचा सोयाबीन उत्पादक भाव पडले की आयात शुल्क वाढवा म्हणतो, तेव्हा सरकारच्या हाताला वरती हे छत लागलेलं असतं. एका आकड्याचा परिणाम तीस वर्षं टिकतो. म्हणून मी नव्या अधिकाऱ्यांना सांगत असे, की भाषण चुकलं तरी चालेल, परिशिष्ट चुकवू नका.

आता संघटनेचं काम प्रत्यक्ष कसं चालतं ते सांगतो. सध्या १६६ सदस्य आहेत. मतदानाची तरतूद आहे, पण व्यवहारात सगळं सहमतीनं ठरतं. सहमतीची व्याख्या नीट वाचा: बैठकीला ‘हजर असलेल्या’ एकाही सदस्यानं औपचारिक हरकत घेतली नाही, तर सहमती झाली. तुमच्या कारखान्याच्या वार्षिक सभेत ‘मंजूर, मंजूर’चा आवाज होतो आणि विषयपत्रिका पुढे सरकते, तसंच हे. फरक एवढाच, की इथे एका सभासदाचा ‘नामंजूर’ ठराव थांबवू शकतो. मात्र तो सभासद खोलीत असला पाहिजे आणि त्याला त्या क्षणी बोलायचे आदेश हवेत. ज्या देशांची जिनिव्हात कचेरीच नाही, त्यांच्या नावानं कितीतरी गोष्टी सहमतीनं होऊन जातात.

भारतानं ही हरकत वापरलेली आहे. २०१३ च्या डिसेंबरात बाली इथे मंत्रिपरिषद झाली. रेशनसाठी सरकार जो गहू-तांदूळ हमीभावानं खरेदी करतं, त्याविरुद्ध तूर्त कुणी खटला भरणार नाही, असं तिथे ठरलं. त्याला आम्ही बोलीभाषेत ‘शांतता कलम’ म्हणतो. कायमचा तोडगा २०१७ पर्यंत काढायचा होता. पण तो निघालाच नाही तर कलम राहणार की जाणार, हे संदिग्ध होतं. श्रीमंत देशांना हवा असलेला व्यापार सुलभीकरणाचा करार मात्र वेगानं पुढे सरकत होता. २०१४ च्या जुलै अखेरीस त्याच्या मसुद्यावर शिक्कामोर्तब व्हायचं होतं आणि भारतानं नकार दिला.

त्या आठवड्यांत जगभरच्या वर्तमानपत्रांनी आपल्याला अडेलतट्टू म्हटलं. आपल्याकडच्या काही अग्रलेखांनीसुद्धा. मला ते अजून खुपतं, कारण मागणी अगदी साधी होती: लिहून द्या. २७ नोव्हेंबर २०१४ रोजी सर्वसाधारण परिषदेनं लिहून दिलं, की कायमचा तोडगा निघेपर्यंत कलम चालू राहील. २०१८-१९ च्या हंगामात तांदळाचा आधार खरोखरच दहा टक्क्यांवर गेला. ४३.६७ अब्ज डॉलरच्या उत्पादनावर ५ अब्ज डॉलर. त्याची माहिती देताना भारतानं २०२० मध्ये या कलमाचा आसरा घेतला, असं करणारा पहिला देश म्हणून. ते वाक्य २०१४ ला लिहून घेतलं नसतं, तर उसाबरोबर तांदळाचाही खटला आपल्यासमोर उभा राहिला असता.

मग हे कलम उसाला का नाही लागू? कारण ते अन्नसुरक्षेसाठी केलेल्या सरकारी साठ्यापुरतं, पारंपरिक मुख्य धान्यांपुरतं आणि ७ डिसेंबर २०१३ ला चालू असलेल्या योजनांपुरतं आहे. ऊस त्यात कुठेच बसत नाही. डाळी वा तेलबियांची नवी खरेदी योजना काढली तर तीही सरळ बसत नाही.

हमीभावाला कायद्याची हमी द्या, ही मागणी सध्या जोरात आहे. माझी तिला सहानुभूती आहे, पण ऊस प्रकरणाचा धडा तिथे लक्षात घ्यावा लागेल. आज गहू-तांदळाचा आधार मोजताना आपण प्रत्यक्ष खरेदी झालेलं धान्य धरतो. अमेरिका म्हणते सगळं उत्पादन धरा. याच हिशेबानं तिनं २०१८ च्या मे महिन्यात आपल्याविरुद्ध प्रतिसूचना (आपल्या आधाराचा तिनं मांडलेला हिशेब) दिली होती. उद्या कायद्यानं व्यापाऱ्यालाही हमीभाव बंधनकारक केला, तर सगळंच उत्पादन ‘पात्र’ ठरेल आणि प्रत्येक पीक उसाच्या रांगेत जाऊन बसेल, असं माझं वाचन आहे. मार्ग नाही असं नाही. अल्पभूधारकांना बी-खत-पाणी-विजेवर दिलेली सवलत कलम ६.२ खाली मोजणीतूनच वगळलेली आहे, आणि पिकाशी न जोडता थेट खात्यात दिलेल्या पैशाला बरीच मोकळीक आहे. कायदा लिहिणाऱ्यानं हे आधी वाचावं, एवढंच.

आता ज्या गोष्टीनं मला सगळ्यात जास्त त्रास दिला, तिच्याकडे येतो. ती म्हणजे सूचनापत्रं. प्रत्येक सदस्यानं आपण कोणत्या पिकाला किती आधार दिला याची माहिती ठरलेल्या तक्त्यात संघटनेला कळवायची असते. शेती समितीच्या बैठकीत बाकीचे देश तिच्यावर लेखी प्रश्न विचारतात, आपण लेखी उत्तरं देतो, सगळं दप्तरी राहतं. भारतानं २००४-०५ ते २०१०-११ अशा सात वर्षांची माहिती एकदम २०१४ च्या सप्टेंबरात दिली. ऊस आणि साखरेच्या आधाराची माहिती तर १९९५-९६ नंतर दिलीच नाही, आणि निवाडा मंडळानं ही गोष्टही आपल्याविरुद्ध स्वतंत्र नियमभंग म्हणून नोंदवली.

याचा तोटा काय होतो बघा. तुम्ही तुमचा हिशेब मांडला नाही की समोरचा मांडतो. ऑस्ट्रेलियानं २०१८ च्या नोव्हेंबरात आपल्या उसावर प्रतिसूचना दिली, म्हणजे भारताचा तक्ता भारताऐवजी त्यांनी भरून समितीपुढे ठेवला. आपलाच सरकारी एफआरपी, आपलीच उत्पादनाची आकडेवारी, आणि बेरीज त्यांची. खटला त्यानंतर तीन-चार महिन्यांत आला. जमिनीच्या वादात शेजाऱ्यानं मोजणी आणली आणि आपल्याकडे सातबारासुद्धा अद्ययावत नाही, अशी ती अवस्था.

यात जिनिव्हातल्या लोकांचा दोष कमी असतो. तिथली आपली कचेरी कामाच्या मानानं लहान आहे आणि एकाच दिवशी तीन-तीन समित्या चालतात. हिवाळ्यात भारत साडेचार तास पुढे. तिथे संध्याकाळी सहाला मसुद्यातला एक शब्द बदलला की दिल्लीत साडेदहा वाजलेले असतात आणि त्या शब्दाबद्दल आदेश देणारा माणूस शोधावा लागतो. मी एकदा एका राज्याच्या खात्याकडून तीन वर्षांच्या सिंचन सवलतीचा आकडा मागवला. पाच महिन्यांनी उत्तर आलं, आणि त्यात फक्त एका वर्षाचा आकडा होता. पुढच्या आठवड्यात बैठक होती. आम्ही उत्तरात ‘माहिती संकलित केली जात आहे’ असं लिहिलं. समोरच्या प्रतिनिधीनं ते शांतपणे टिपून घेतलं आणि पुढच्या बैठकीत तोच प्रश्न तारखेसकट पुन्हा विचारला. ती शरम मी विसरलेलो नाही.

मित्र-शत्रूंबद्दल एक गोष्ट सांगतो, कारण ‘ब्राझील तर आपला मित्र’ असं तुम्ही मूळ प्रश्नात पुढे लिहिलं आहे. २००३ च्या सप्टेंबरात कानकूनला भारत आणि ब्राझीलनं मिळून विकसनशील देशांची फळी उभी केली आणि युरोप-अमेरिकेचा शेतीचा मसुदा अडवला. सोळा वर्षांनी त्याच ब्राझीलनं आपल्यावर साखरेची केस केली. यात कुणी दगा दिला नाही. ब्राझील हा जगातला सगळ्यात मोठा साखर निर्यातदार आहे. २०१९-२० मध्ये आपण टनाला १०,४४८ रुपये मदत देऊन ६० लाख टन साखर बाहेर काढायचं ठरवलं, तेव्हा जागतिक भाव पडल्याची झळ त्यांच्या ऊस उत्पादकालाही बसणारच होती. तो शेतकरीही खराच आहे. रेशनच्या प्रश्नावर आपण इंडोनेशियासोबत विकसनशील देशांच्या जी-३३ गटात बसतो, पण त्याच गटातले काही देश आपल्या सरकारी साठ्यातला तांदूळ बाहेर विकला जाईल या भीतीनं बिचकतात. इथली मैत्री विषयापुरती असते आणि दर विषयाला नव्यानं जुळवावी लागते.

निर्यात अनुदानाच्या मुद्द्यावर आपली बाजू कमकुवत होती, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. २०१५ च्या डिसेंबरात नैरोबीला शेतमालाची निर्यात अनुदानं बंद करायचा निर्णय झाला, त्याला आपण हजर होतो आणि सहमत होतो. पुढे २०२१-२२ मध्ये जागतिक भाव चढे असताना आपण कोणत्याही अनुदानाशिवाय सुमारे ११० लाख टन साखर निर्यात केली. आणि नंतर आपणच निर्यातीवर बंधनं घातली. तुमच्या कारखान्याला त्या बंधनांनी जो फटका बसला, तो जिनिव्हानं दिलेला नव्हता.

निकालानंतर काय झालं? ११ जानेवारी २०२२ रोजी भारतानं अपील केलं. पण अपील ऐकणारं मंडळ ११ डिसेंबर २०१९ पासून बंद आहे, कारण अमेरिका नव्या सदस्यांच्या नेमणुका होऊ देत नाही. ऐकणारा कुणी नसताना अपील केलं की निकाल लागू होत नाही आणि प्रकरण लटकून राहतं. आम्ही याला पोकळीत टाकलेलं अपील म्हणतो. आज त्याचा आपल्याला फायदा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ही कायमची ढाल नाही. २०२२ मध्ये ब्राझीलनं कायदाच केला, की अशी अपिलं लटकवणाऱ्या देशावर आपण थेट प्रतिकार करू शकू.

शिवाय त्या मंडळाचा आपल्यालाही उपयोग झालेला आहे. युरोपनं आपल्या सुती चादरींवर लावलेलं अँटी-डंपिंग (स्वस्तात माल ओतण्याविरुद्धचं) शुल्क ठरवताना हिशेबाची एक खोटी पद्धत वापरली होती, आणि २००१ च्या मार्चमध्ये अपील मंडळानं ती नियमबाह्य ठरवली. त्या एका निकालाचा दाखला पुढे किती देशांनी आपापल्या खटल्यांत वापरला! अमेरिकेविरुद्ध लोकरी शर्टांच्या कोट्याचा खटलाही आपण १९९७ ला जिंकलो. बलाढ्य देशाला एका खोलीत बसवून ‘हे चूक आहे’ असं लेखी म्हणवून घेता येतं अशा जागा जगात फार नाहीत.

तुम्ही पुढे ‘सोडलं तर काय’ असंही विचारलंत. संघटनेच्या स्थापना कराराच्या कलम १५ प्रमाणे महासंचालकांना लेखी नोटीस द्यायची, सहा महिन्यांनी सदस्यत्व संपतं. इतकं सोपं आहे ते. त्यानंतर कुठलाही देश भारतीय मालावर मनाला येईल तो कर लावू शकेल, आणि ‘इतरांना जो लावता तोच आम्हाला लावा’ असं म्हणायचा हक्क आपल्याकडे उरणार नाही. द्राक्ष, कांदा, कापड, औषधं, सगळ्यांसाठी एकेका देशाशी वेगळा करार करावा लागेल. आणि द्विपक्षीय करारात मोठा देश पहिल्याच दिवशी दूध आणि धान्याचा बाजार मागतो. तिथे शेजारी बसलेली जी-३३ नसते. म्हणून बाहेर पडू नये, हे माझं ठाम मत आहे. नियम अन्यायाचे आहेत हे माहीत असूनही.

त्या खोलीत तुमच्यासारख्यांना काय करता येईल? वाटतं त्यापेक्षा बरंच. उसाचं सोडा, तुमच्या भागात द्राक्ष आणि भाजीपाल्याची निर्यात आहे. कुठल्याही सदस्य देशाला कीडनाशकाच्या अंशाची मर्यादा बदलायची असेल, तर त्याचा मसुदा आधी संघटनेला कळवावा लागतो आणि साधारण ६० दिवस हरकतींसाठी ठेवावे लागतात. हे मसुदे ‘ईपिंग’ नावाच्या सेवेवर कुणालाही फुकट मिळतात. पीक आणि देश निवडलात की ईमेल येतो. २०१० मध्ये आपली द्राक्षं युरोपात अडकली ती क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रक रसायनाच्या अंशामुळे, आणि बागायतदारांना ते कळलं कंटेनर बंदरात पोचल्यावर. शेतकरी उत्पादक कंपनीतल्या एका मुलानं दर सोमवारी हे मसुदे बघायचं ठरवलं, तर पुण्याजवळ मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राकडे किंवा अपेडा या शेतमाल निर्यातीच्या केंद्रीय संस्थेकडे आकड्यांसह हरकत वेळेत पोचू शकते. दिल्लीत बसलेल्या माणसाला अशी शेतातून आलेली हरकत मिळते तेव्हा त्याचं निम्मं काम झालेलं असतं. माझ्या बावीस वर्षांत महाराष्ट्रातून अशी पत्रं मी हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढीच पाहिली.

आणि उसाबद्दल. अपील मंडळ कधी ना कधी सुरू होईल, किंवा त्याआधी ब्राझीलशी तडजोड होईल. दोन्ही वेळी प्रश्न एकच विचारला जाणार: शेतकऱ्याच्या हातात खरोखर किती पडलं, कधी पडलं, आणि त्यासाठी त्याला खर्च किती आला. जाहीर झालेली एफआरपी आणि मिळालेला पैसा यातलं अंतर, थकबाकीचे महिने, तोडणी-वाहतुकीची कपात, हे सगळं आपल्या बाजूचं पुराव्याचं साहित्य आहे आणि आज ते विस्कळीत पडलेलं आहे. तुमच्या वडिलांकडे जुनी ऊसबिलं असतील. २०१४-१५ पासूनची शोधून ठेवा, आणि गावातल्या आणखी वीस-पंचवीस घरांची मिळवता आली तर तीही. त्यांचा तक्ता कसा करायचा ते मला विचारा, मी करून देईन.